खळ्यातली बालवाडी: खेळातून शिकवायचं तर रोज नेमकं करायचं काय?

गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी घरातल्या लहानग्याला मांडीवर घेतात आणि विचारतात, "आकडे येतत मा रे तुका?" साडेचार वर्षांचा बाबू एका दमात पन्नासपर्यंत म्हणून दाखवतो. सगळे टाळ्या वाजवतात. थोड्या वेळाने आतून आईची हाक येते, "बाबू, सात मोदक काढ रे ताटलीत." बाबू मोदक ठेवत सुटतो तो कुणीतरी थांबवेपर्यंत. पन्नासपर्यंतचे शब्द त्याला पाठ आहेत, पण सात म्हणजे किती हे त्याच्या हाताला अजून कळलेलं नाही.

मालवणपासून तासाभरावरच्या एका वाडीत मी अकरा वर्षं बालवाडी चालवते. आधी पडवीत चालायची, आता पडवी आणि खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, दोन्हीकडे चालते. कुणाला असंच काही सुरू करायचं असेल, किंवा चालू बालवाडीतली पाटी-पेन्सिल थोडी बाजूला ठेवायची असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. खेळातून शिकणं म्हणजे पोरं सोडून द्यायची आणि बाईंनी गप्पा मारत बसायचं, असं पुष्कळांना वाटतं. खेळ मुलाचा असतो हे खरं, पण त्याची मांडामांड मोठ्या माणसाने करायची असते, आणि ती करायला पाठांतर घेण्याच्या दुप्पट तयारी लागते.

आधी गावातली अंगणवाडी बघून या

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्यातून आपल्या अंगणवाड्या आल्या. ३ ते ६ वर्षांच्या मुलाला तिथे रोज पोषक आहार द्यायचा असतो. तो तुम्हाला पदरचा देता येणार नाही. म्हणून वेगळा फलक लावायच्या आधी सेविकेकडे जाऊन बसा. वजनं, लसीकरण, नोंदवह्या, आहार या सगळ्यात तिला मुलांसोबत बसायला दोन हात कमीच पडत असतात. आठवड्यातले तीन दिवस तुम्ही तिच्या मदतीला गेलात तरी अर्धं काम झालं. वरून आडकाठी येईल ही भीती नको. २०२४ साली केंद्राने या वयासाठी 'आधारशिला' नावाचा अभ्यासक्रम दिला, तोही खेळावरच बेतलेला आहे.

वाडी दूर असेल, मधे व्हाळ (ओढा) असेल आणि पावसाळ्यात तो ओलांडणं धोक्याचं असेल, तर मात्र स्वतःच्या पडवीत सुरू करायला हरकत नाही. एका मोठ्या माणसामागे वीसच मुलं घ्या. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणातलं प्रमाण तेच आहे, आणि मला विचाराल तर पंधराच्या वर गेलात की तुमचं लक्ष मुलांकडून गर्दीकडे जातं.

जागा आणि सामान

पडवीचे चार कोपरे करा. एकात रचायचं सामान, दुसऱ्यात भातुकली आणि दुकान, तिसऱ्यात माती-रंग-कागद, चौथ्यात चटई आणि गोष्टीची पुस्तकं. कोपरे वेगळे दिसायला मधे चार चिरे मांडले तरी पुरतं. सामान मुलाच्या छातीच्या उंचीवर उघडं ठेवायचं, म्हणजे "बाई, ता काढून द्या" असं म्हणायची वेळ येणार नाही. भिंतींवर कार्टूनचे तक्ते नकोत. पहिल्या वर्षी मी सगळी भिंत भरली होती. मुलांनी दोन दिवस बघितलं, नंतर त्या भिंतीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिथे मुलांनी स्वतः काढलेलं लावा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

सामानासाठी दुकान गाठायची गरज नाही. लहानमोठ्या करवंट्या, सुपं, परड्या, जुनं मापटं, नारळाच्या काथ्याची दोरी, आईच्या फाटक्या साड्या, लाकडाच्या वखारीतून आणलेले आणि कडा घासून घेतलेले ठोकळे, पोफळीच्या विऱ्या, म्हणजे सुपारीच्या झावळीची रुंद बुडं. एक विरी किती कामाला येते बघा. एकाने बसायचं, दुसऱ्याने ओढायचं, ही तर आपल्या सगळ्यांच्या लहानपणची गाडी. शिवाय तीच होडी, तीच पाळणा, तीच दुकानाची फळी. प्लास्टिकची मोटार मोटारच राहते, म्हणून मुलाचं मन तिच्यावरून लवकर उडतं.

किनाऱ्यावरचे शिंपले आणायचे तर आधी उकळत्या पाण्यात टाका, मग चार दिवस कडक उन्हात वाळवा. मी नुसते धुऊन टोपलीत भरले होते. तिसऱ्या दिवशी पडवीत उभं राहवेना आणि आळीतली सगळी मांजरं हजर. फुटक्या, धारेच्या शिंपल्या वेगळ्या काढा.

आता सुरक्षिततेचं, आणि इथे मला घाई करायची नाही. मुलाच्या मिटल्या मुठीत पूर्ण लपेल अशी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालच्या, किंवा अजून तोंडात घालायची सवय असलेल्या मुलाच्या हाती द्यायची नाही. चिंचोके, सागरगोटे, मणी हे सगळं मोठ्या मुलांसाठी, आणि तेही तुम्ही समोर बसलेल्या असताना. गुंजा तर घरातच आणू नका. लाल-काळ्या, देखण्या असतात म्हणून मीही एका बरणीत भरून ठेवल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी बघितलं आणि बरणी उचलून नेली. गुंजेचं बी चावलं गेलं तर विष आहे, जीव जाऊ शकतो. काजूच्या न भाजलेल्या बिया मोजायला देऊ नका, टरफलातल्या चिकाने कातडी भाजते. विहिरीला कठडा आणि वर जाळी हवीच. मुलं यायच्या आधी विऱ्यांचा आणि चुडतांचा (नारळाच्या झावळ्यांचा) ढीग काठीने हलवून बघायचा, पावसाळ्यात त्याखाली कोण बसलेलं असेल सांगता येत नाही.

तीन तासांचा दिवस

माझा दिवस साडेनऊ ते साडेबारा. पहिला पाऊण तास मोकळा खेळ: मूल येतं, कोपरा निवडतं, बसतं. मग पंधरा-वीस मिनिटं गोलात बसून गाणी आणि गप्पा. त्यानंतर खळ्यात पळापळ, मग खाणं, मग मातीकाम किंवा चित्र, शेवटी गोष्ट. क्रम रोज तोच ठेवते, कारण लहान मुलाला घड्याळ कळत नसलं तरी 'खाऊनंतर चित्र, चित्रानंतर गोष्ट, गोष्टीनंतर आवस येतली (आई येणार)' हे पक्कं कळतं. जूनमधलं रडणं निम्मं त्यानेच थांबतं.

मोकळा खेळ सकाळी आधीच ठेवायचं कारण आहे. तो शेवटी ठेवला की उशीर झाला त्या दिवशी तोच कापला जातो.

या पाऊण तासात तुमचं तोंड बहुतेक वेळ बंद हवं. ते फार जड जातं. मूल ठोकळ्यांचा मनोरा रचत असतं आणि आपण जाऊन विचारतो, "हा कुठला रंग? सांग बघू." बिचाऱ्याचं लक्ष मनोरा पडतो की राहतो याकडे असतं, आपण त्याची परीक्षा घेऊन मोकळे. त्याऐवजी बाजूला जाऊन बसा. दोन मिनिटं नुसतं बघा. मग जे दिसतं ते बोला: "मोठा ठोकळा खाली ठेवलास." ते थांबेल, तुमच्याकडे बघेल, कदाचित सांगेल, "लहान ठेवल्यार पडता." एवढं वाक्य त्याने स्वतः शोधलं, हा त्या दिवसाचा धडा.

भांडण झालं तर लगेच निवाडा करू नका, मारामारी होत नसेल तोवर. "दोघांकाय तीच विरी होयी. आता काय करूचा?" असं म्हणून थांबा. चार वर्षांची पोरं जे तोडगे काढतात ते ग्रामसभेतसुद्धा निघत नाहीत.

एक खेळ उलगडून: मासळीबाजार

एकच खेळ नीट मांडायला शिकलात तर बाकीचे आपोआप जमतील, म्हणून हा सविस्तर सांगते.

आदल्या दिवशी मुलांकडूनच मासे करून घ्या. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचे बांगडे, सुरमई, पापलेट, दोऱ्याची कोळंबी. आकार तुम्ही काढून देऊ नका. आमच्याकडच्या पोरांना पापलेट चपटं आणि बांगडा लांबट हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या कोपऱ्यात एक विरी, दोन परड्या, केळीची पानं आणि पैशांऐवजी शिंपल्या ठेवा. बस्स. कोळीण कोण, गिऱ्हाईक कोण हे तीच ठरवतील.

आता बाजारात मासे विकतात ते वाट्याने. तुम्ही गिऱ्हाईक होऊन जा आणि म्हणा, "माका दोन वाटे दी गो, पण सारखे होये." सगळी गंमत या 'सारखे'त आहे. कोळीण झालेली मुलगी एका वाट्यात पाच बांगडे टाकते, दुसऱ्यात तीन. तुम्ही फक्त तोंड वाकडं करा. ती बघते, एक इकडचा तिकडे टाकते, पुन्हा बघते. चार आणि चार. बेरीज, वजाबाकी, भागाकार हे शब्द कुणी उच्चारलेलेसुद्धा नाहीत.

मग पुढची पायरी. एका वाट्यातले बांगडे दूर दूर पसरून ठेवा, दुसऱ्यातले जवळ जवळ, आणि विचारा, जास्त कशात? चार-पाच वर्षांचं मूल बहुतेक वेळा पसरलेल्या वाट्याकडे बोट दाखवतं. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हेच दाखवून दिलं होतं: या वयात रांग लांब दिसली की मुलाला संख्याही जास्त वाटते. इथे "चूक!" म्हणू नका, समजावूनही सांगू नका. मूल खोटं बोलत नाही, त्याला तसंच दिसतं. महिनाभर वाटे करत राहिलं की एक दिवस तेच तुम्हाला वेड्यात काढेल, "बाई, तितकेच असत ते!"

बाजार चार-पाच दिवस चालू द्या. तिसऱ्या दिवशी एखादा कागद आणि खडू ठेवून बघा. कुणीतरी त्यावर रेघोट्या ओढून 'भाव' लिहील. त्याला अक्षर येत नाही, पण लिहिलेलं वाचता येतं, लिहिण्याला अर्थ असतो, एवढं त्याला उमगलेलं असतं. मुळाक्षरं त्यानंतर यायची. उलट्या क्रमाने आणली की गिरवणं उरतं.

असेच खेळ वर्षभर सापडतात. शिमग्यात खोक्याची पालखी करून नाचवतात, गणपतीत डबे बडवून भजन, दशावतार बघून आले की आठवडाभर राक्षस. हे बंद पाडून "चला, आता अभ्यास" म्हणणारी बाई होऊ नका.

पाऊस

चार महिने खळं बंद, ही सगळ्यांची तक्रार. माझी नाही. पागोळ्यांखाली रांगेने करवंट्या, डबे, पातेली ठेवा आणि कुठलं आधी भरतं यावर पैज लावा. काय तरंगतं, काय बुडतं: सुपारी, शिंपली, काथ्या, ठोकळा, लोखंडी खिळा. आधी अंदाज, मग पाण्यात. अंदाज चुकला की जो चेहरा होतो त्यासाठी मी ही बालवाडी चालवते असं म्हटलं तरी चालेल.

एवढंच की पाण्याजवळ एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, फोन न घेता. बादलीत वीतभर पाणी असलं तरी लहान मूल बुडू शकतं. साचलेल्या पाण्यात अनवाणी नाही, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, आणि पायाला जखम असलेल्या मुलाला तर पडवीतच ठेवा. विजा कडाडू लागल्या की सगळे आत.

पळणं मात्र पावसातही सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० दमवणारी असावीत, आणि पडद्यासमोर एका तासाहून जास्त बसू नये. पडवीत जमिनीवर खडूच्या रेघा आखून लंगडी, बेडूकउड्या, साडीची दोरी करून रस्सीखेच, कुर्लीसारखं (खेकड्यासारखं) आडवं चालणं. कुर्लीची चाल पाच मिनिटांत भल्याभल्यांना घाम फोडते, करून बघा.

बोली

मूल "माका पाणी होया" म्हणालं तर "असं नाही, मला पाणी हवं म्हण" असं सांगू नका. पाणी द्या, आणि देताना सहज म्हणा, "तुका पाणी होया? हे घे, पाणी हवं तर या तांब्यातलं." दोन्ही भाषा त्याच्या कानावर पडल्या, आणि तहानेच्या वेळी त्याला कुणी लाज आणली नाही. मालवणी असो, संगमेश्वरी, आगरी की वारली, तीनचार वर्षांच्या मुलाचा सगळा विचार त्याच बोलीत चालतो. २०२० चं शैक्षणिक धोरणही घरच्या भाषेचाच आग्रह धरतं. गोष्ट सांगायला महिन्यातून दोनदा वाडीतल्या आजीला बोलवा. ती पुस्तकातली सांगणार नाही, म्हणूनच बोलवायची.

लिहिण्याआधी हात

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेचीच असतात आणि एकेक करत हाड बनत जातात, शेवटचं तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. साडेतीन वर्षांच्या मुलाला पेन्सिल धरवून पान-पान 'अ' काढायला लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. या वयात हाताला वेगळी कामं द्या: उकडलेल्या फणसाच्या आठळ्या सोलणं, वालाच्या शेंगा फोडणं, पीठ मळणं, ओल्या मातीत बोटांनी रेघा, ओला कपडा पिळणं, आंब्याच्या खालच्या फांदीला लोंबकळणं. खांदा, कोपर, मनगट, बोटं, असं बळ वरून खाली येतं.

नोंद

परीक्षा नाही, पण वही हवी. रोज तीन-चार मुलं ठरवून बघायची आणि प्रत्येकासाठी एक ओळ लिहायची, जे पाहिलं तेवढंच. 'हुशार आहे' ही नोंद नव्हे. 'आज पहिल्यांदा दुसऱ्याला विरी ओढू दिली', 'चार मासे बोट लावून मोजले, पाचवा सुटला' ही नोंद.

वहीचा आणखी एक उपयोग. तीन वर्षांचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, कुणाच्या खेळात शिरतच नसेल, तर थांबून वाट बघू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. तारीख सेविकेला विचारून ठेवा आणि त्या मुलाला वहीसकट घेऊन जा.

पालकांना कसं पटवायचं

खरी कसोटी इथे आहे. शेजारच्या गावातल्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारावरून जाते, तिथल्या मुलाला एबीसीडी येते, आणि आपल्या पोराच्या दप्तरातून शिंपल्या निघतात. आईचा जीव कासावीस होणारच. तिला व्याख्यान देऊ नका. पालकसभेत खुर्च्या मांडू नका, तिलाच बाजारात बसवा. स्वतःच्या मुलीला वाटे करताना पाहिलं की तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

हे परदेशी खूळ आहे असं कुणी म्हणालं तर मी बोर्डीचं नाव घेते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये ताराबाई आपल्याच कोकणच्या उत्तर टोकाला, बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. इटलीच्या मारिया मॉन्टेसरींच्या बालशिक्षण पद्धतीतली महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी शंख-शिंपले, पानं, बिया हाती घेतल्या. आदिवासी मुलं शाळेत येईनात तेव्हा त्या पाड्यावर, मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी रानातच कुरणशाळा भरवली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

आणि आकडेच हवे असणाऱ्या मुंबईकर काकांसाठी अमेरिकेतला एक दाखला ठेवलाय. मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी इथे १९६२ पासून गरीब घरांतल्या १२३ मुलांचा अभ्यास झाला. त्यातल्या ५८ मुलांना रोज सकाळी अडीच तास, स्वतः बेत ठरवून खेळायची बालवाडी मिळाली. ती चाळिशीची झाल्यावर पाहिलं तेव्हा त्यांच्यातली जास्त जणं शाळा पुरी करून कमावती झालेली होती, आणि पोलिसांच्या हाती लागलेली कमी. तिथले शिक्षक दर आठवड्याला मुलाच्या घरी जात. मीही घरभेट महिन्यातून एकदा तरी ठेवते, संध्याकाळी, चुलीजवळ बसून. पालकसभेत न निघणारं सगळं तिथे निघतं.

मे महिन्यात

सहा पूर्ण झालेली मुलं पहिलीला जातील. त्यांच्या वहीतल्या ओळींवरून प्रत्येकी अर्धं पान लिहा आणि जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना शाळा सुरू व्हायच्या आधी हातात द्या: कुठली बोली बोलतं, कशात रमतं, कशाला घाबरतं, किती वस्तू मोजतं. जमलं तर मुलांना एकदा त्या वर्गात नेऊन आणा, संडास कुठे आहे तेवढं तरी दाखवा. पहिल्या आठवड्यातलं निम्मं रडणं त्यापायीच असतं. मग परत येऊन विऱ्या, परड्या, ठोकळे कडक उन्हात घाला आणि पाऊस लागायच्या आत माळ्यावर टाका. जमिनीवर राहिलं तर जूनअखेर सगळ्यावर बुरशी.